काकूंनी निवडलेला देश

कुठल्याही देशाचं नाव काढा, काकू चष्मा कपाळावर सारून पहिला प्रश्न हाच विचारायच्या, "तिथं कामावरून माणूस काढायला काय लागतं?"

हे ऐकून माझं डोकं फिरायचं. तुमचंही फिरलं असतं. काकू बिबवेवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या आणि स्वारगेटजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत कामाला होत्या. मालकांना परदेशातली एखादी कंपनी विकत घ्यायची होती. ती कुठल्या देशात घ्यावी, हे शोधणं काकूंचं काम. आणि त्याच कंपनीच्या गेटवर मी कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे: बाहेर कंपन्या घ्यायला पैसा आहे, इथल्या कंत्राटी कामगारांना कायम करायला नाही!

एका पत्रकात मी काकूंना ‘भांडवलाची दलाल’ म्हटलं. संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"अहो क्रांतिकारक, दलालाला केबिन असते. मी जिन्याखाली बसते. दुरुस्ती करा. आणि आत या, थालीपीठं लावतेय."

थालीपीठ खाता खाता मी भांडले. "तुम्ही देश निवडता कशावरून? माणूस स्वस्तात हाकलता येतो यावरूनच ना?"

"उलट. जिथं सहज काढता येतो, तिथला चांगला कारागीर मालक बदलतोय कळलं की आपणच निघून जातो. थांबून काय करायचंय त्याला? मग आमचे साहेब विकत काय घेणार, भिंती? कर किती, जमीन केवढ्याला, सगळं बघतात हे लोक. पंप कोण बनवणार ते बघत नाहीत. लोणी घे."

मी लोणी घेतलं.

काकूंनी इटलीतला एक जुना कारखाना सुचवला. मालकांनी तिकडे मेलवर मेल टाकले, पण ऑगस्टभर कुणी उत्तर देईना. मालक भडकले, "एवढा माज? फोनसुद्धा उचलत नाहीत!"

"साहेब, त्यांची वर्षाची सुट्टी आहे. गणपतीत आपल्या कारखान्यात कोण असतं?"

"मी असतो."

"तुम्ही मालक आहात."

हे मला सांगताना काकूंना हसून हसून ठसका लागला.

पण मालकांच्या मनातून इटली उतरली ती उतरलीच. त्यांनी दुसरा देश धरला. नाव घेत नाही, त्या देशाचा काय दोष? कामगार झटपट काढता येतात, एवढीच मालकांना त्याची माहिती. काकूंना बजावलं गेलं: संचालकांपुढे हाच देश चांगला असं तुम्ही स्वतः सांगा, नाहीतर पुन्हा कामावर येऊ नका. काकूंचा नवरा वारलेला, मुलगी शिकत होती. मीच म्हटलं, "काकू, सांगून टाका की!"

"तू तुझी पत्रकं लिही गं. माझं मी बघते."

संचालकांपुढे काकू उभ्या राहिल्या आणि इटलीच म्हणाल्या.

आता काकू मुलीसोबत नागपूरला असतात, पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती दुसऱ्या दिवशीची दुपार. त्या आपलं सामान न्यायला आल्या होत्या. पिशवी घेऊन गेटबाहेर पडल्या आणि सरळ तिथं घोषणा देणाऱ्या आमच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

"घोषणा जरा हळू द्या. कान आहेत लोकांना."

तेवढ्यात मालकांची गाडी आली. काच खाली झाली.

"तुम्ही? यांच्यात?"

"बसची वाट बघतेय," काकू म्हणाल्या. "इथं जरा सावली आहे."

सावली कुठेच नव्हती. गाडी आत गेली. मग बिबवेवाडीची बस आली, थांबली, गेली. तिच्यामागून आणखी एक आली. काकू पिशवी या हातातून त्या हातात घेत तिथंच उभ्या होत्या.