एक्स-रेमधला तावीज

त्या एक्स-रेची फिल्म अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं विसरलो. हे प्रकरण मात्र आठवलं की आजही तोंड कडू होतं.

साठ सालाच्या जरा अलीकडची गोष्ट. मी मूळचा रत्नागिरीकडचा, आखातातल्या दोह्याच्या बाजारातल्या पोलीस ठाण्यात जमादार होतो. अरबी आणि हिंदी चांगली येत होती, इंग्रजी साहेबापुरती येत होती, म्हणून चौकशीची कामं माझ्याकडे यायची. सकाळी हजेरी, मग कोठडीतल्या माणसांची मोजणी, मग साहेबाच्या खोलीत जाऊन आदल्या दिवसाची खबर सांगायची. साहेब इंग्रज. त्याच्या खोलीत विलायतेचा रेडिओ सतत चालू असे आणि त्या दिवसांत त्यावर एकच वाद गाजत होता: निर्वासितांना आपल्या देशात घ्यायचं की नाही, घ्यायचे तर किती. एक पुढारी म्हणे दार उघडा, दुसरा म्हणे आपलीच माणसं बेकार बसली आहेत. साहेब चहा पीत दोघांचंही ऐकून मान डोलवायचा.

अशात एक पॅलेस्टिनी कारकून ठाण्यात आला. त्याच्या शेजारी राहणाऱ्या मास्तरविरुद्ध त्याला खबर द्यायची होती. मास्तरही पॅलेस्टिनीच. गाव गेलं, काही वर्षं छावणीत काढली, आणि आता रय्यानच्या रस्त्यावरच्या शाळेत तो भूगोल शिकवत होता. बायको आणि दोन मुली पदरी. त्याने आणि या कारकुनाने एकाच पाश्चात्त्य देशात वसण्यासाठी अर्ज केले होते. त्या देशाचं नाव मी घेत नाही, दुसऱ्या कुठल्याही देशाचं घातलंत तरी चालेल. नियम असा की घरातल्या प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे काढायचा, आणि एकाच्याही फुप्फुसात डाग निघाला तर सगळं कुटुंब बाद.

"मास्तरला छावणीत क्षय झाला होता," कारकून म्हणाला. "मी हिवतापाने त्याच दवाखान्यात पडलो होतो, तेव्हा पाहिलंय. त्याचा एक्स-रे साफ कसा आला?"

"आला तर आला. तुमचं काय जातं?"

"ते मोजकेच लोक घेणार आहेत. तो गेला तर माझी जागा गेली."

खबरे मी पुष्कळ पाहिले. कुणी सूड म्हणून येतो, कुणी बक्षिसासाठी. हा माणूस खबर देताना रडत होता. मी त्याचा जबाब लिहून घेतला, त्याला पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

मग हॉस्पिटलात जाऊन फिल्म ताब्यात घेतली. डॉक्टर आपल्या मुंबईकडचे. त्यांनी ती उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "ठणठणीत छाती आहे." मी फुप्फुसं बघतच नव्हतो. गळ्याखाली, बरोबर मध्यभागी, करंगळीच्या पेराएवढी एक पांढरी नळी दिसत होती.

"हे काय?"

"गळ्यात काहीतरी धातूचं राहून गेलं असेल. फुप्फुसं दिसतायत ना, म्हणून पुन्हा काढला नाही."

माझा हात आपोआप माझ्या कॉलरकडे गेला. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत मुलगा परदेशी निघाला की बोटीवर चढण्याआधी आई त्याच्या गळ्यात चांदीचा तावीज बांधते. तो घरी परत येईपर्यंत काढायचा नसतो. आंघोळीला नाही, आजारपणात नाही. माझ्या गळ्यात तसाच होता.

मास्तरला बोलावलं. फिल्म माझीच, असं तो ठामपणे सांगत राहिला. मी त्याला शर्टाची बटणं काढायला लावली. गळा मोकळा.

"तुमचा तावीज कुठे गेला?"

तो हसला. "जमादार, मी मुलांना भूगोल शिकवतो. मी जन्मात तावीज घातलेला नाही."

मी फिल्म खिडकीला धरली आणि त्या नळीवर बोट ठेवलं. मग त्याने सगळं कबूल केलं, फक्त त्या दुसऱ्या माणसाचं नाव सांगेना. "मला आत टाका, त्याला सोडा," एवढंच म्हणत राहिला.

नावाची मला गरज नव्हती. शुक्रवारी नमाजानंतर आमची कोकणातली सगळी माणसं एकाच खानावळीत जेवायची. त्यांच्यातला एक इलेक्ट्रिक फिटर मास्तरच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. पोरगा पळाला नाही, की खोटंही बोलला नाही.

"मास्तरच्या नावावर एक्स-रे तू काढलास?"

"होय भाई, मीच काढला."

"काय मिळालं तुला?"

"काय मिळायचाय? मी तापानं पडलो होतो, तवा त्याच्या बायकोनं दोन्ही वेळचा जेवण पाठवलंन. माझी छाती चांगली हाय. ती त्यांच्या कामाला आली तर कुणाचा काय बिघडला?"

"निदान तावीज तरी काढायचा होतास."

त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं. "तुम्ही काढला असतात?"

मी त्याला जेवण पुरं करू दिलं आणि मग ठाण्यात नेलं.

अर्ज तपासणारा त्या देशाचा अधिकारी बहरीनहून आला, तेव्हा साहेबाच्या खोलीत पुन्हा तोच वाद रंगला होता. पाहुणा दार उघडण्याच्या बाजूचा, आमचा साहेब बंद ठेवण्याच्या. आवाज चढले, बिस्किटं संपली. मी मास्तरचे कागद पुढे ठेवले आणि पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं: हा माणूस नको. डॉक्टरांनी मास्तरचा खरा एक्स-रे काढून लिहून दिलं होतं की जखम जुनी आहे, भरलेली आहे, कुणाला धोका नाही. पाहुणा म्हणाला, डाग तो डाग.

मास्तरवर खटला झाला नाही, पण त्याचा अर्ज कायमचा फेटाळला गेला. फिटरला हद्दपार करून मुंबईच्या बोटीत बसवलं. त्याच्या आईचा तावीज त्याला वेळेआधीच घरी घेऊन गेला. आणि खबर देणारा तो कारकून? त्याची छाती धड निघाली, पण वय जास्त ठरलं. जी जागा वाचवायला तो रडत आला होता, ती त्याला मिळालीच नाही.

पुढे साहेबाने मला एक वर्तमानपत्र कौतुकाने दाखवलं. त्याच देशाने युरोपातल्या छावण्यांमधून क्षयाचे रोगी आणले होते, बायकामुलांसकट. धक्क्यावर बँड वाजत होता, मंत्री फुलं देत होता. खाली माणुसकीवर लांबलचक मजकूर. मला त्या रोग्यांचा राग आला नाही. त्यांनीही भोगलं होतं, त्यांना औषध आणि घर मिळालं हे चांगलंच झालं. पण तो माणुसकीचा मजकूर वाचून माझं डोकं फिरलं.

मी पुराव्यावर चाललो होतो, आणि पुरावा खरा होता. त्याचं मला वाईट वाटत नाही. या प्रकरणाने मला शिकवलं ते निराळं. दार उघडायचं की लावायचं, यावर तावातावाने भांडणारे दोघेही दाराच्या आत बसलेले असतात. दोघांनाही बाहेर कोण उभं आहे ते नीट बघायचं नसतं. आणि बाहेरची माणसं आत जायला मिळावं म्हणून एकमेकांचा गळा धरतात. तेव्हापासून असल्या वादात कुणी माझं मत विचारलं की मी उठून जातो.

मास्तर राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण करायला ठाण्यात आला, तेव्हा तेच वर्तमानपत्र त्याच्या हातात होतं. त्याने बँडचा तो फोटो माझ्या टेबलावर ठेवला.

"जमादार, तुम्ही एक्स-रे फार बारकाईने बघता," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा, यांच्या छातीतला डाग कसा असतो?"

मी त्याच्या परवान्यावर शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.