तिच्या गळ्याचा फोटो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती मला गावभराच्या गोष्टी सांगते, मी मान डोलावतो — पण ही एक गोष्ट मी तिच्यापर्यंत जाऊ दिली नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

पाथरीत एसटी स्टँडच्या मागं माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, अधूनमधून पोलिसांचं काम. स्थळासाठी मुलीचा फोटो काढायचा तर माझ्याकडंच, असं आसपासच्या खेड्यांत म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. मुरमं, भाजल्याचे डाग, उन्हानं रापलेला गळा — माऊस फिरवला की गेलं. लग्नं जुळवण्यात भटजीपेक्षा माझा हात मोठा, असं मी चेष्टेनं म्हणायचो. आता म्हणत नाही.

तर त्या दिवशी — भर लग्नसराई, दुपारची वेळ — एक म्हातारा आपल्या लेकीला घेऊन आला. म्हातारा कसला, माझ्याच वयाचा. तिचं नाव मी लिहीत नाही. पदर गळ्याभोवती गच्च गुंडाळलेला. नवऱ्याच्या घरून ती पहाटे निघाली होती, चालत.

"मोबाईलचा फोटो कोर्टात चालत न्हाई म्हणायलेत," बाप म्हणाला. "तुमी काढा, भाऊ. सगळं दिसाया पाहिजे."

आणि तो बाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

तिनं पदर सोडला. गळ्याच्या एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. जांभळी. इतकी स्पष्ट, की तो हात अजून तिथंच आहे, फक्त दिसेनासा झालाय, असं मला वाटलं. आवंढा गिळायची तेव्हा ती बोटं वर-खाली व्हायची. मी सहा फोटो घेतले.

बाप तासाभरानं फोटो न्यायला येणार होता. मधे एका नवरीचे चाळीसेक फोटो साफ करायचे होते. ते करता करता हिचे समोर आले. आणि मग — खरं सांगू? मला आठवतच नाही. एकामागून एक गळे, हनुवट्या, गाल. हात आपोआप चाललेला. तिचाही गळा तसाच हाताखालून गेला. प्रिंट निघाल्या, पाकिटात घातल्या, पिन मारली. बापानं पाकीट उघडलं नाही. लेकीचा तो गळा त्याला बघवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक लावला तेव्हा दोन्ही फोटो शेजारी शेजारी दिसले. एकात ती बोटं. दुसऱ्यात स्वच्छ, उजळ गळा, मुलगी बघताक्षणी पसंत पडावी असा.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणूस आहे. हो, तिथवर चूकच होती. चुकीसाठी कोण एवढं लिहीत बसतं?

बापाचा नंबर पावतीपुस्तकात होता. मी तो दोनदा लावला आणि दोनदा कापला. काय सांगणार होतो — तुमच्या लेकीच्या गळ्यावरचं मी पुसून टाकलं? हे बाहेर फुटलं असतं तर पोलिसांचं काम पुन्हा माझ्याकडं आलं असतं का? वाटलं, नातेवाईक बसतील, समजूत घालतील, पोरगी नांदायला जाईल, फोटो कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

नातेवाईक बसलेच. आठ दिवस बसले. तोवर वळ पिवळे पडले. मग दवाखाना झाला. डॉक्टरांनी जे दिसलं तेवढंच लिहिलं — जुने, पुसट. ताज्या वळांचा पुरावा म्हणून उरलं माझं पाकीट. त्यावर त्याच दिवशीची तारीख. ते न उघडताच कागदांना टाचलं गेलं होतं.

पुढं पोलिसांनी फोटोंची फाइल मागितली, आणि सोबत एक दाखला — या फोटोंत कसलाही फेरफार केलेला नाही, असा. मूळ फाइल मेमरी कार्डावर, माझ्या टेबलाच्या खणात होती. हात घातला असता तर मिळाली असती. मी दुसरी दिली. दाखल्यावर सही केली. सवयीचं काम असल्यासारखी बोटं भरभर चालली.

दोन वर्षांनी कोर्टात साक्ष झाली. नवऱ्याच्या वकिलानं फोटो उंच धरला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? तारीख बघा. गळा बघा." मग माझ्याकडं वळून विचारलं, फोटोत काही बदल केलाय का?

मी म्हणालो, "नाही."

फोटो तिलाही दाखवला. ती त्याच्याकडं बघत राहिली — खूप वेळ. मग तिचा हात हळूहळू गळ्यावर गेला. एक एक बोट ठेवून ती चाचपत होती, अंधारात कडी शोधावी तशी. बाहेर आल्यावर ती बापाला म्हणाली — हळू, पण मी मागंच होतो —

"आबा, मला झालंच नव्हतं का मंग?"

नवरा सुटला. माहेरच्या गावात तिला खोटारडी म्हणू लागले, आणि काही महिन्यांनी ती त्याच घरी परत गेली. तिला वाचवू शकणारी एकच गोष्ट होती, ती मी तिच्याकडून काढून घेतली. शरम वाटते. लाज हा शब्द लहान पडतो.

तेव्हापासून माझ्या नजरेला काहीतरी झालंय. कुठल्याही बाईचा फोटो पडद्यावर मोठा केला की गळ्यावर ती चार बोटं दिसतात. पुसट, पण दिसतात. मी ती काढतो. मग मूळ फोटो उघडून बघतो तर तिथं काहीच नसतं. मी मंगळसूत्राची सावली पुसलेली असते. सेलूची एक बाई भांडायला आली — "भाऊ, माझ्या लेकीच्या गळ्यावरचा तीळ कुठं गेला? जन्माचा हाय तो!" एकदा तर माझ्या स्वतःच्या मुलीच्या फोटोत ती बोटं दिसली. मी धावत घरात गेलो. "गळ्याला काय झालं?" ती हसली. "कुठं काय, बाबा?" मी जवळ जाऊन, मान वळवून बघितलं, तरी माझी खात्री पटेना.

आणि गेल्या महिन्यात ती आली, त्या म्हाताऱ्याची लेक. एकटीच. बचत गटाच्या फॉर्मला फोटो हवा होता. तेव्हा बसली होती त्याच स्टुलावर बसली. दाराचा पडदा तिनंच ओढला, पदर सैल केला.

चार बोटं. मी डोळे चोळले. म्हटलं, हे नेहमीचंच, माझ्या डोळ्यांतलं. तर ती सरळ माझ्याकडं बघत म्हणाली —

"भाऊ, तेवढं काढून टाका. तुमाला येतंय की ते."

आवाजात राग नव्हता. तिला कधी कळलं, कसं कळलं, मी विचारलं नाही. मूळ फोटो अजून त्याच खणात होता, आम्हा दोघांच्या मधे. आता तरी बोलावं — असं वाटलं. खरंच वाटलं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "किती प्रती?"

"आठ."

मी तिच्या गळ्यावरचं काढून टाकलं. दोन मिनिटं लागली. तिनंच सांगितलं म्हणून काढलं, असं मला म्हणता येईल. पण ती काही बोलली नसती, तरी मी तेच केलं असतं.