पूजेची तलवार

इंग्रज जाऊन स्वराज्य आलं त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. खंडेनवमीच्या पूजेचं निमित्त सांगून मी आजोबांची गंजकी तलवार इंदापूरच्या बाजारात धार लावायला नेली, तर वाटेत तिनं माझंच धोतर फाडलं. खरं म्हणजे बांधावरून चुलतभावाशी वाजलं होतं.

धारवाला ख्रिस्ती. विळ्याची धार अंगठ्यावर पारखायचा; डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. त्यानं तलवार धार न लावताच परत केली.

“पूजंला धार कशाला लागती, आबा?”

चुलतभावानंच याला फितवलं असणार, असा मला संशय आला.

“बोटं कुठं घालवलीस?”

“बाप्तिस्मा घेतला तवा भावकीनं तोडली. त्यांच्या विळ्यांना अजून मीच धार लावतो. तलवारीला न्हाय.”

माझा विश्वास बसेना. पण तलवार पुन्हा पुढं करायला हात उचलेना.

घरी सगळं सांगितल्यावर बायको म्हणाली, “पूजंला धार कशाला, हेच मी सकाळी इचारणार हुते. पण तुमच्या हातात तलवार हुती.”