पडद्याचा दोर

तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, नजरबाद मोहल्ल्यातल्या जुन्या नाट्यगृहात जन्मभर पडदा ओढलेल्या माझ्या आजोबांवर अन्याय झाला. नव्या पाटीवर सगळ्या देणगीदारांची नावं होती, फक्त आजोबांचं नव्हतं. मग आम्ही पोरांनी या नाट्यगृहाच्याच इतिहासाचं नाटक रचलं. त्यात प्रेक्षकांना मागच्या दारानं, रंगपटातून चालवत नेलं आणि शेवटी पडद्याच्या काथ्याच्या दोरापाशी खुद्द आजोबांना उभं केलं. काथ्याचा वास आला की तो प्रयोग आठवतो. पाटी लावणारे साहेबच दोर धरायला पुढे झाले. "बूट काढा सार, रंगमंच आहे! आणि निधान, निधान! हळू ओढा, विहिरीचं पाणी नाही काढायचं!" आजोबा आपल्या कानडीमिश्रित मराठीत गरजले. साहेबांनी बूट काढले, पडदा सरकला, आजोबा पोटभर हसले. आजही आजोबा ठणठणीत आहेत, पाटी मात्र तशीच आहे. पाटीवर आजोबांचं नाव घालण्याचा अर्ज सोबत जोडलाय. वाचलंत, आता तुम्हीही सही करा.