तिसरा भाग

पनवेलच्या एका कॉलेजात दरवर्षी परिषद भरायची आणि कुणाचा शोधनिबंध घ्यायचा, हे तिथले एक सर ठरवायचे. ज्याचा नाकारला, त्याला नुसतं कळवून ते मोकळे होत नसत. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बोलावत, सावकाश चष्मा पुसत आणि आवाज खाली आणून म्हणत, "राग मानू नका हं, मी स्पष्ट बोलतो. तुमच्या भल्यासाठीच."

माझा निबंध जवळच्या नेरे गावातल्या फार्महाउसांवर होता आणि बढती त्याच्यावर अडली होती. "सुरुवात झकास," सर म्हणाले, "पण तिसरा भाग ढिला पडलाय. तिथे मेहनत घ्या."

कामोठ्याच्या एका मॅडमनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या अख्खी मे महिन्याची सुट्टी तिसऱ्या भागावर घाम गाळत बसल्या.

माझ्या निबंधात भाग दोनच होते. पुढच्या वर्षी एक अक्षरही न बदलता मी तोच पुन्हा दिला. घेतला गेला. भर सभागृहात माझी पाठ थोपटत सर म्हणाले, "बघा! तिसरा भाग सुधारलात, केवढा फरक पडला!"

टाळ्या पडल्या. मी वाकून म्हटलं, "सर, सगळं तुमच्या मार्गदर्शनामुळे."