लिफ्टवाल्या भाऊजींचा फोन

मी एका हाताने लेकीची वेणी धरून दुसऱ्या हाताने रबरबँड शोधत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात शेजारचे लिफ्टवाले भाऊजी. डोळे लालभडक, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं सोडवणं हे त्यांचं काम. बोलावणं कधीही येतं, म्हणून वर्षानुवर्षं फोन उशाखाली. आता सुट्टीच्या रात्री, पाळी कामावरच्या जोडीदाराची असतानाही, न वाजलेला फोन त्यांना ऐकू येतो आणि ते दचकून उठून बसतात.

मागोमाग त्यांची बायकोही आली. "डॉक्टर म्हणाले, झोपायच्या खोलीत फोन नको. मी तांदळाच्या डब्यात लपवला, तर ह्यांनी अख्खा डबा उपसला!"

"अगं, कुणी अडकलं असेल तर?"

"तर तुमचा जोडीदार काय गोट्या खेळतोय?"

मला हसू आलं. भाऊजी मात्र हसले नाहीत.

"वहिनी, काल दुरुस्ती करताना लिफ्टच्या टपावर उभ्याउभ्या माझा डोळा लागला. जोडीदाराने दंड धरला म्हणून वाचलो."

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. तिला हे ठाऊकच नव्हतं. तिने त्यांच्या शर्टाची बटणं सोडून नीट लावायला घेतली.

भाऊजींनी खिशातला फोन काढून माझ्या हातावर ठेवला.

"आज माझी सुट्टी आहे. उद्या सकाळपर्यंत हा तुमच्याकडे ठेवा. मध्येच मागायला आलो, तरी देऊ नका."