दिल्लीतला सोळावा सोमवार

कॉन्फरन्समध्ये मिळालेली पिशवी मी केबिन रोडवर भाजीला नेऊन नेऊन फाडली. किस्से मात्र फाटत नाहीत. दर हळदीकुंकवाला एखादा नवा आठवतोच!

मी भाईंदरच्या गोडदेवची साधी गृहिणी. दवाखान्याने क्षयरोगाच्या गोळ्यांचा डबा माझ्याकडे ठेवला होता. पेशंटने माझ्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या, एवढंच माझं काम. माझी पेशंट फिलोमिना, उत्तनहून मासळी विकायला येणारी. पाटी जिन्याखाली ठेवून वर यायची. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की ओकायची, म्हणून एकदा तिने कोर्स अर्धवट सोडलेला. आता पुन्हा पहिल्यापासून. तो पुरा व्हावा म्हणून मी सोळा सोमवार धरले.

आणि दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मला चक्क दिल्लीच्या कॉन्फरन्सला भाषणाला नेलं! फिलोमिनाचा शेवटचा डोस आणि माझा सोळावा सोमवार, दोन्ही नेमके भाषणाच्या दिवशीच आले. डबा ह्यांच्या हाती सोपवला.

*

माझ्या बिल्ल्यावर नावाआधी ‘डॉ.’ छापलेलं. एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “सध्या कुठे?”

“गोडदेव.”

“व्हेरी गुड इन्स्टिट्यूट!” म्हणत त्यांनी हात मिळवला.

*

पोस्टरवर आमच्या भाईंदरचा नकाशा होता, पेशंट लाल ठिपक्यांनी दाखवलेले. शुभकार्य म्हणून मी हळूच कुंकू लावलं. जरा सांडलं. एक परदेशी बाई वाकून पाहत राहिल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, “इथे साथ फारच दाट आहे!” आणि वहीत उतरवूनही घेतलं!

*

फॉर्मवर ‘खाण्याची अडचण’ असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सोमवारी गहू, तांदूळ, मीठ चालत नाही.’ आयोजकांना वाटलं ॲलर्जी! सोमवारी सकाळपासून एक तरुण डॉक्टरीण इंजेक्शनची बॅग घेऊन माझ्या मागे. माझ्या उपवासाला एवढी सोबत ह्यांनीही कधी केली नाही!

*

दुपारी मी स्टेजवर. दोन वाक्यं झाली आणि मोबाईल वाजला. हे म्हणाले, “अगं, ही जेवतच नाही. आणि उपाशी गोळ्या कशा देऊ?”

माईक समोरच होता, हे मी विसरले. “फिलोमिना, आधी जेव!”

“तू जेवलीस?” तिने ह्यांच्या हातून फोनच ओढून घेतला.

“माझा सोमवार आहे गं.”

“मग माजा बी हाय. माज्यासाटी तू उपाशी, न् मी जेवू? न्हाय जमायचं, बाय.”

“अगं, ओकशील! शेवटचा डोस आहे!”

“मग तू खा. खाल्लेलं मला ऐकू येऊ दे.”

मी मनात महादेवाला हात जोडले, अध्यक्षांच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि माईकसमोर कडकन चावलं.

पहिल्या रांगेतली डॉक्टरीण बॅग उघडत स्टेजकडे धावत सुटली.